जाणं एकदाच होतं, कळतं मात्र हप्त्याहप्त्यानं

माझा जोडीदार गेला तेव्हा तो ३५ वर्षांचा होता आणि मी ३२ची. त्यानंतर चार वर्षांनी, एका साध्या सकाळी कुठलासा फॉर्म भरताना वयाच्या रकान्यात मी ३६ लिहिलं आणि हात थांबला. तो कायम माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा होता. आता मी त्याच्यापेक्षा मोठी झाले होते. यापुढे दर वर्षी आणखी मोठी होत जाणार होते आणि तो तिथेच राहणार होता. त्या दिवशी मी जशी रडले तशी त्याआधी दोन वर्षं रडले नव्हते.

जवळची माणसं घाबरली. "अगं, तू तर सावरली होतीस ना?" असं एकीनं विचारलं. त्यात टोचणी नव्हती, काळजीच होती. मलाही तोच प्रश्न पडला होता: सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं की काय?

आज त्याला जाऊन ११ वर्षं झाली. या काळात शोकाबद्दल हाताला लागेल ते वाचत गेले, ऐन उमेदीत जोडीदार गमावलेल्या बऱ्याच बायका-पुरुषांशी बोलले. या विषयातलं पुष्कळ काही आता माहीत झालेलं आहे. पण ते अवघड शब्दांत अडकून पडतं आणि ज्याला गरज आहे त्याच्यापर्यंत पोचतं ते "काळ हेच औषध" एवढंच. मी डॉक्टर नाही, समुपदेशकही नाही. मला जे उमगलं ते समजेल अशा शब्दांत सांगते.

नेमकं काय जातं?

म्हातारपणी जोडीदार जाणं सोपं असतं असं मी कधीच म्हणणार नाही. पण तरुणपणी जाणं निराळं आहे. उतारवयात मागे बघायला एक मोठा पट असतो. तिशीत-पस्तिशीत तो पट अजून विणलेलाच नसतो, नुसते ताणे लावून ठेवलेले असतात. त्यामुळे माणूस जातं आणि त्याच्याबरोबर न घडलेल्या गोष्टीही जातात. न झालेलं दुसरं मूल, न बांधलेलं घर, पन्नाशीत करायचं ठरवलेलं काहीतरी. ज्या गोष्टी कधी झाल्याच नाहीत त्यांच्यासाठी रडताना माणसाला स्वतःचीच लाज वाटते. आणि आजूबाजूच्यांना तर त्या दिसतही नाहीत.

दुसरी एक गोष्ट जाते, जिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. १९८५ मध्ये डॅनियल वेग्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक कल्पना मांडली. एकत्र राहणारी माणसं नकळत आठवणी वाटून घेतात. कागदपत्रं कुठे आहेत हे एकाला माहीत, नातेवाइकांची नावं दुसऱ्याच्या लक्षात. मला आठवायची गरज नसते, कारण ते "त्याच्याकडे" आहे हे मला ठाऊक असतं. दोन डोक्यांची मिळून एक तिजोरी तयार होते. जोडीदार गेला की त्या तिजोरीचा अर्धा भाग कायमचा बंद होतो.

मला हे पहिल्यांदा कळलं ते एका क्षुल्लक गोष्टीवरून. आमच्यात एक चेष्टेचा शब्द होता, दोघांनाच कळणारा. तो कुठून आला होता, हे काही केल्या मला आठवेना. विचारायचं कुणाला? त्या प्रसंगाला आम्ही दोघंच साक्षीदार होतो. शोकाच्या पहिल्या काळात जो विसरभोळेपणा येतो, किल्ल्या सापडत नाहीत, तारखा चुकतात, त्यामागे झोपेचा अभाव आणि ताण आहेच. पण थोडा भाग हाही असावा असं मला वाटतं: निम्मं डोकं खरोखरच हरवलेलं असतं.

मेंदूला कळायला वेळ का लागतो?

माणूस गेलंय हे माहीत असतं, तरी दार वाजलं की वाटतं तोच आला. फोन हातात घेऊन नंबर लावायला जातो आणि मध्येच भान येतं. हे वेड लागण्याचं लक्षण नाही.

२०१३ मध्ये नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या प्रयोगशाळेतून एक संशोधन प्रसिद्ध झालं. जागेचा नकाशा मेंदू कसा बनवतो या शोधासाठी २०१४ चं नोबेल मिळालेल्या मे-ब्रिट आणि एडवर्ड मोझर यांची ही प्रयोगशाळा. एका पेटीत ठरावीक जागी एखादी वस्तू ठेवायची आणि उंदराला त्यात फिरू द्यायचं. मग ती वस्तू काढून टाकायची. उंदीर त्या रिकाम्या जागेशी आला की मेंदूतल्या काही पेशी चेतवल्या जातात, "इथे ती होती" असं सांगत. हे एकदाच होत नाही, पुढे कित्येक दिवस होत राहतं. शोकाचा अभ्यास करणाऱ्या मेरी-फ्रान्सिस ओकॉनर या मेंदूशास्त्रज्ञ हाच धागा माणसाच्या दुःखाशी जोडतात. आपल्या मेंदूत जवळच्या माणसाचा नकाशा असतो. तो कुठे आहे, केव्हा येईल, हाक मारली तर किती वेळात ओ देईल. रोजच्या हजारो अनुभवांनी तो नकाशा पक्का झालेला असतो. "तो गेला" हे एक वाक्य त्या हजारो अनुभवांपुढे फार तोकडं पडतं. मेंदूला तो नकाशा पुन्हा शिकावा लागतो, एकेक रिकामी जागा ओलांडत.

मला ही मांडणी फार मोलाची वाटते. शोक हा आजार नाही, कमकुवतपणा तर नाहीच. ते एक शिकणं आहे, आणि शिकणं दमवतं. पहिले काही महिने काहीही न करता माणूस संध्याकाळी गळून जातं ते यामुळेही.

गेलेल्या माणसाची चाहूल लागणं, आवाज ऐकू येणं, क्षणभर दिसणं याबद्दल तर कुणी तोंडच उघडत नाही. डेवी रीस नावाच्या वेल्समधल्या एका डॉक्टरांनी २९३ विधवा-विधुरांना याबद्दल विचारलं आणि १९७१ मध्ये निष्कर्ष छापले. जवळजवळ निम्म्या लोकांना असा काही ना काही अनुभव आलेला होता, आणि त्यातल्या बहुतेकांनी तोवर तो कुणालाही सांगितलेला नव्हता. बऱ्याच जणांना त्यातून दिलासा मिळत होता. मला स्वतःला एकदाच, गेल्यानंतर सातव्या महिन्यात, मागच्या खोलीत त्याचं खाकरणं ऐकू आलं. रीस यांचा अभ्यास मला तेव्हा माहीत असता तर ते मी दोन वर्षं मनात दाबून ठेवलं नसतं.

पाच पायऱ्यांची गोष्ट

शोकाच्या पाच पायऱ्या असतात हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं: नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य, स्वीकार. ही मांडणी एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस या मनोविकारतज्ज्ञांनी १९६९ मध्ये केली. पण ती मुळात आली होती स्वतःच्या मृत्यूला सामोऱ्या जाणाऱ्या रुग्णांशी झालेल्या बोलण्यातून. मागे राहिलेल्या माणसांना ती नंतर लावली गेली. लोकांच्या मनात ती जिन्यासारखी बसली, एकेक पायरी चढायची आणि वर पोचलं की संपलं. मग ज्याला राग आलाच नाही त्याला वाटतं आपलं प्रेम खोटं होतं, आणि जो चार वर्षांनी पुन्हा रडतो त्याला वाटतं आपण घसरलो. मागच्या पन्नास वर्षांतल्या अभ्यासांत असा ठरलेला क्रम काही पक्का दिसलेला नाही. त्या पाचही भावना खऱ्या आहेत. त्यांचा जिना मात्र खरा नाही.

मला सगळ्यात उपयोगी पडलेली मांडणी आहे मार्गारेट श्ट्रोब आणि हेंक शूट या नेदरलँड्समधल्या दोन अभ्यासकांची, १९९९ मधली. शोकात माणूस दोन खोल्यांमध्ये ये-जा करतं असं समजा. एका खोलीत दुःख आहे: आठवणी, फोटो, रडणं, आस. दुसऱ्या खोलीत जगणं आहे: बिलं, मुलांचा अभ्यास, नोकरी, त्याची जी कामं आता आपल्यावर पडली ती शिकणं, मध्येच एखाद्या विनोदावर हसणं. निरोगी शोक म्हणजे पहिल्या खोलीतून कायमचं दुसरीत जाणं नव्हे. निरोगी शोक म्हणजे ही ये-जा चालू राहणं. कधी दिवसातून दहा वेळा, कधी महिन्यातून एकदा. कुठल्यातरी एकाच खोलीचं दार बाहेरून बंद झालं की अडचण होते.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. तो गेल्यावर तिसऱ्याच आठवड्यात मी मुलीबरोबर पोट धरून हसले आणि रात्रभर स्वतःला कोसत राहिले. ते हसणं म्हणजे बेइमानी नव्हती. मन दुसऱ्या खोलीत जाऊन श्वास घेऊन आलं होतं. आणि उलट बाजूनंही तेवढंच खरं. जो माणूस दुसऱ्याच दिवशी कामाला लागतो, कधी रडताना दिसत नाही आणि ज्याचं सगळे "किती खंबीर आहे" म्हणून कौतुक करतात, त्याला पहिल्या खोलीत जायला कुणी सवडच देत नाहीये. पुरुषांच्या वाट्याला हे फार येतं. पत्नी गेलेल्या तरुण बापाला लोक पहिल्यांदा विचारतात ते मुलांचं कोण बघणार. तो कसा आहे, हे विचारायचं राहूनच जातं.

दहाव्या वर्षीचं दुःख जुनं नसतं

आता त्या फॉर्मकडे परत येते, कारण मला जे सांगायचंय ते मुळात हेच आहे.

चार वर्षांनी मी रडले तेव्हा सगळ्यांना वाटलं की जुनी जखम उघडी पडली. मलाही तसंच वाटलं होतं. आता वाटतं, ते जुनं दुःख नव्हतंच. ते त्या दिवशी पहिल्यांदाच आलेलं, कोरं नुकसान होतं. ३२व्या वर्षी "मी त्याच्यापेक्षा मोठी होईन" हे मला कळणं शक्यच नव्हतं. ते कळायला मला ३६ वर्षांचं व्हावं लागलं.

तरुणपणी जोडीदार गेला की असं पुन्हापुन्हा होतं. आयुष्य पुढे जातं आणि अशा प्रत्येक जागी पोचतं जिथे तो असायला हवा होता. मुलीच्या शाळेतल्या पहिल्या बक्षिसाच्या वेळी एक जागा रिकामी दिसली. बरोबरीच्या मित्रांचे केस पांढरे व्हायला लागले तेव्हा आणखी एक. त्याचे केस कसे पांढरे झाले असते, कानांजवळून की मध्येच, हा प्रश्न मला पहिल्या वर्षी पडूच शकला नसता. आम्ही नऊ वर्षं एकत्र होतो. तो गेल्याला नऊ वर्षं पूर्ण झाली आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्याशिवायचं आयुष्य त्याच्याबरोबरच्या आयुष्यापेक्षा लांब झालं. हा दिवस कुठल्याही दिनदर्शिकेत नसतो. पण तरुण वयात एकटं पडलेल्या बहुतेकांनी तो मनात मोजून ठेवलेला असतो, मी विचारलं की लगेच सांगतात.

म्हणून "अजून?" हा प्रश्न चुकीच्या जागी पडतो. तो गृहीत धरतो की नुकसान एकदाच, एका तारखेला झालं आणि आता त्याची फेड चालली आहे. मरण त्या तारखेलाच झालं. त्याचा अर्थ मात्र पुढच्या तीस-चाळीस वर्षांत थोडाथोडा करून हाती येतो.

मनोविश्लेषणाचा पाया घालणाऱ्या सिग्मंड फ्रॉइडचं उदाहरण मला नेहमी आठवतं. १९१७ मध्ये त्यानं शोकावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यात शोकाचं काम असं सांगितलं होतं की गेलेल्या माणसात गुंतलेलं मन हळूहळू सोडवून घ्यायचं, म्हणजे ते दुसरीकडे गुंतवायला मोकळं होतं. पुढची कित्येक दशकं "विसर, पुढे जा" या सल्ल्याला शास्त्राचा आधार म्हणून हाच विचार पुढे केला गेला. मग १९२० मध्ये फ्रॉइडची मुलगी सोफी इन्फ्लुएन्झानं गेली. ती २६ वर्षांची होती. मागे तिचा नवरा आणि दोन लहान मुलगे राहिले. नऊ वर्षांनी, १२ एप्रिल १९२९ या दिवशी, फ्रॉइडनं लुडविग बिन्सवांगर या मित्राला सांत्वनाचं पत्र लिहिलं. बिन्सवांगरचा मुलगा गेला होता. त्या पत्रात फ्रॉइड सांगतो की माझी मुलगी आज ३६ वर्षांची झाली असती, आणि अशा माणसाची जागा घेणारं दुसरं काही कधीच सापडत नाही, सापडूही नये. मन सोडवून घ्यायला सांगणारा माणूस नऊ वर्षांनंतरही लेकीचं वय मोजत होता. हे वाचून मला किती हलकं वाटलं हे सांगता येणार नाही.

नंतर अभ्यासकांनीही दिशा बदलली. १९९६ मध्ये डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन यांनी मांडलं की गेलेल्या माणसाशी नातं तुटत नाही, त्याचं रूप बदलतं, आणि ते टिकवणं हे आजारी मनाचं लक्षण नाही. एखाद्या निर्णयाआधी "तो काय म्हणाला असता" असा विचार करणं, त्याचं एखादं काम पुढे चालवणं, त्याच्याशी मनात बोलणं, हे सगळं त्यातच येतं. त्याच वर्षी लोइस टॉन्किन या न्यूझीलंडमधल्या समुपदेशकांनी एक साधं चित्र लोकांसमोर ठेवलं. आपल्याला वाटतं दुःखाचं वर्तुळ काळाबरोबर लहान होत जाईल. बऱ्याचदा ते तेवढंच राहतं. त्याच्याभोवतीचं आयुष्याचं वर्तुळ मोठं होतं. म्हणूनच एखाद्या दिवशी आपण थेट आतल्या वर्तुळात जाऊन पडतो आणि तिथे सगळं पहिल्या दिवसासारखंच असतं. फरक इतकाच, की आता बाहेर यायची वाट माहीत असते.

शरीराचं

१९६७ मध्ये थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी आयुष्यातल्या ४३ घटनांची ताणानुसार यादी केली, त्यात जोडीदाराच्या मृत्यूला सगळ्यात वरचे, १०० गुण दिले. १९६३ मध्ये ब्रिटनमधल्या ५५ वर्षांवरच्या ४,४८६ विधुरांचा अभ्यास छापून आला. पत्नी गेल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातल्या मृत्यूंचं प्रमाण अपेक्षेपेक्षा सुमारे ४० टक्के जास्त निघालं. ती माणसं वयानं मोठी होती, त्यामुळे तरुणांनी हा आकडा स्वतःला चिकटवून घाबरू नये. पण झोप, खाणं आणि छातीत होणारी कळ या तीन गोष्टी पहिल्या वर्षात हसण्यावारी नेऊ नयेत. मनावरच्या आघातानं हृदयाचा आकार तात्पुरता बदलतो, अशी अवस्था जपानी डॉक्टरांनी १९९० मध्ये वर्णिली. ऑक्टोपस पकडायच्या मडक्यावरून तिचं नाव ताकोत्सुबो. ती मुख्यतः पाळी गेलेल्या बायकांत दिसते आणि वेळेवर उपचार झाले तर बहुतेक जण काही आठवड्यांत बरे होतात. छातीत दुखतंय आणि "दुःखानंच असेल" असं म्हणून घरी बसू नका, एवढंच माझं सांगणं.

मदत कधी घ्यावी

काहींच्या बाबतीत ती दोन खोल्यांतली ये-जा खरोखरच थांबते. वर्ष उलटून गेलं तरी जवळजवळ रोज तीच तीव्र आस असते किंवा मनात दुसरं काही येतच नाही. आपलाच एक भाग मेल्यासारखं वाटतं. मृत्यूवर विश्वास बसत नाही, आठवण करून देणारी प्रत्येक जागा टाळली जाते, माणसांत मिसळता येत नाही, जगण्यात अर्थ उरत नाही. याला आता दीर्घकालीन शोक विकार असं स्वतंत्र नाव आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत तो आहे, तिथे किमान सहा महिन्यांची अट आहे. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या पुस्तिकेत तो २०२२ मध्येच आला, तिथे मोठ्या माणसांसाठी १२ महिन्यांची अट आहे. जवळचं माणूस नैसर्गिक कारणांनी गेलेल्यांपैकी साधारण दहातल्या एकाला हे होतं असं अभ्यास सांगतात. अपघात, आत्महत्या, खून अशा मृत्यूंनंतर हे प्रमाण वाढतं, आणि तरुण माणसं बऱ्याचदा अशीच, अचानक जातात.

या नावावर वाद झाला. दुःखालाही आता आजार ठरवणार का, असं पुष्कळांनी विचारलं. मला तो आक्षेप कळतो. दहाव्या वर्षी डोळ्यांत पाणी येणं हा विकार नाहीच. पण दहाव्या वर्षीही रोज उठणं अशक्य वाटत असेल, तर त्या माणसाला "हे असंच असतं" म्हणणं क्रूरपणाचं आहे. कारण त्यावर उपाय आहेत. कॅथरीन शिअर या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी खास शोकासाठी साधारण १६ भेटींची उपचारपद्धत तयार केली. २००५ मधल्या त्यांच्या अभ्यासात या उपचारानं ५१ टक्के लोकांना चांगला फरक पडला; एरवी नैराश्यासाठी वापरल्या जाणाऱ्या दुसऱ्या एका थेरपीनं २८ टक्के लोकांना. त्यांच्याच गटाच्या २०१६ मधल्या अभ्यासात नैराश्याच्या गोळीनं शोक हटला नाही, मात्र थेरपीच्या जोडीला नैराश्याची लक्षणं कमी व्हायला तिची मदत झाली. म्हणजे शोक आणि नैराश्य एक नव्हेत. नैराश्यात सगळ्यातूनच मन उडतं. शोकात मन एका माणसाकडे ओढ घेत राहतं.

आणि "त्याच्याकडेच जावं" असा विचार वारंवार यायला लागला, त्याचे बेत मनात आकार घ्यायला लागले, तर वाट बघत बसायचं नाही. त्याच दिवशी कुणाला तरी सांगायचं, डॉक्टरांना, मदतवाहिनीला, शेजारच्या खोलीतल्या माणसाला. मलाही तो विचार येऊन गेला आहे. मी तो माझ्या बहिणीला सांगितला आणि ती चार रात्री माझ्या शेजारी झोपली.

मुलं

माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. त्या वयाच्या मुलाला मरण कायमचं असतं हे कळत नाही, म्हणून "देवाघरी गेला", "झोपलाय" असं सांगण्याचा मोह होतो. मग ते मूल झोपायला घाबरतं, किंवा वाट बघत बसतं. "त्याचं शरीर बंद पडलं, ते आता पुन्हा चालू होणार नाही, आणि यात तुझी काहीच चूक नाही" हे सांगणं फार जड जातं, पण मुलाला तेच पेलतं. मूल मोठं होतं तसं त्याला तेच मरण पुन्हा नव्यानं कळतं, सातव्या वर्षी वेगळं, तेराव्या वर्षी वेगळं. हप्ते मुलांचेही असतात.

विल्यम वर्डन आणि फिलिस सिल्व्हरमन या अभ्यासकांनी आई किंवा वडील गेलेल्या ७० कुटुंबांतल्या १२५ मुलांचा दोन वर्षं पाठपुरावा केला. काहींचा त्रास पहिल्या वर्षात दिसलाच नाही, तो नंतर वर आला. मुलं कशी निभावून नेतील हे सगळ्यात जास्त कशावर ठरत होतं, तर मागे राहिलेले आई किंवा वडील स्वतः कसे आहेत यावर. "मुलांकडे बघून जग" असं सगळे सांगतात. मी ते उलटं म्हणेन: मुलांसाठी म्हणून तरी स्वतःकडे बघ.

दुसरं नातं, आणि आजूबाजूची माणसं

तरुण विधवेला किंवा विधुराला दोन प्रकारचे सल्ले मिळतात, बऱ्याचदा एकाच घरातून. "तू अजून लहान आहेस, पुढचा विचार कर." आणि तसा विचार केला की, "इतक्यात?" नवीन माणूस जुन्या माणसाच्या जागी येत नाही, त्याची स्वतःची जागा होते. दुसऱ्या लग्नानंतरही पहिल्यासाठी रडू येतं, आणि त्यानं दुसरं नातं खोटं ठरत नाही. ज्यांनी हे जगलंय त्यांच्याकडून मी ऐकलं आहे. कुणी एकटं राहतं आणि भरलेलं आयुष्य जगतं. मी आज एकटी आहे, उद्याचं मला माहीत नाही, आणि हा निर्णय दुसऱ्या कुणी घाईनं घ्यायचं कारण नाही.

काहींना तर रडायचा हक्कच नाकारला जातो. लग्न न झालेले जोडीदार, समलिंगी जोडीदार, घटस्फोटानंतर ज्यांचा पूर्वीचा जोडीदार गेला ते. केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकांनी १९८९ मध्ये अशा मान्यता नसलेल्या शोकावर लिहिलं. नात्याचा कागद नसला म्हणून रिकामी जागा छोटी होत नाही.

मदत करायची असेल तर "काही लागलं तर सांग" असं म्हणू नका. दुःखातल्या माणसाला काय लागतंय हे कळत नाही, आणि कळलं तरी मागता येत नाही. "गुरुवारी मी मुलीला शाळेतून आणीन" असं म्हणा आणि आणा. पहिल्या महिन्यात सगळेच येतात. तिसऱ्या वर्षी या. आणि त्याचं नाव घ्या. लोकांना वाटतं नाव घेतलं तर तिला आठवण होईल. ती विसरलेलीच नसते. तिला एवढंच हवं असतं की त्याला आठवणारी ती एकटीच उरलेली नाही.

गेल्या महिन्यात मुलीनं विचारलं, "आई, बाबा माझ्याएवढा असताना कसा होता?" ती १५ वर्षांची आहे. मला तो भेटला माझ्या २३व्या वर्षी. मला उत्तर माहीत नव्हतं. मग आम्ही त्याच्या शाळेतल्या मित्राला फोन लावला, स्पीकरवर. तो आधी गप्पच झाला, आवाज जरा भरून आला, आणि मग तास-दीड तास बोलत राहिला. वर्गात बाबा कसा अडखळत बोलायचा, एका नाटकात त्याला झाडाचं काम मिळालं होतं आणि त्या झाडानं कसं भलत्याच वेळी शिंकून सगळं नाटक पाडलं. तो अडखळत बोलायचा हे मला नऊ वर्षांत कधीच कळलं नव्हतं. मुलगी हसत होती. मी वही घेऊन बसले होते आणि जमेल तसं लिहून घेत होते.